राखणीचा फाल्गुन

बारावीची परीक्षा आली की दरवर्षी मला पर्यवेक्षणाचं काम लागतं. यंदा तळमजल्यावरचा वर्ग मिळाला. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी निष्पर्ण झालेला कडुनिंब. रसायनशास्त्राचा पेपर चालू होता. पंख्याची घरघर आणि पेनांचा खसखस आवाज, एवढंच. तेवढ्यात भिंतीवरून एक मांजर चालत गेलं. मधेच थांबलं, खाली पाहिलं, पुन्हा चालू लागलं. बस, इतकंच झालं.  पण हातातल्या पुरवण्या मी छातीशी घट्ट धरल्या आणि माझे कान, काही कारण नसताना, पिल्लांची चिवचिव शोधू लागले.

पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला पुरवणी हवी होती.

नाशिकचा फाल्गुन तसा फसवाच असतो. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो आणि अकरा वाजता ऊन डोक्यात शिरतं. रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट रचलेले असतात, त्यांच्यावर माश्या घोंगावतात. शेवग्याची पांढरी फुलं अंगणभर पडून असतात आणि झाडलं तरी पुन्हा पडतात. लोकांना या दिवसांत आंब्याचा मोहोर आठवतो, होळी आठवते. मला आठवते ती एक राखण. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात काठी, आणि डोळे दोन्हीकडे नाहीत, भिंतीवर.

आम्ही तेव्हा सातपूरला राहायचो. बैठं घर, मागे चिंचोळं परसू, त्यात एक शेवगा, कपडे धुवायचा दगड आणि नळ. परसाच्या मागे मोकळा प्लॉट, बाभळींनी भरलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंपनी बंद पडली होती. अप्पा तिथे फिटर. गेटला टाळं लागल्यावरही काही दिवस ते डबा घेऊन निघायचे, गेटसमोर इतरांबरोबर बसायचे आणि संध्याकाळी डबा रिकामा करून परत यायचे. मग तेही थांबलं. घरात ते एकाच खुर्चीत बसून राहू लागले. आई सकाळी पापड लाटायच्या कामाला जायची. जाताना त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. 

घोटीची आत्या, अप्पांची मोठी बहीण, एक दिवस येऊन बसली. तिनं चहा पिता पिता भावाकडे नीट पाहिलं.

"असा भिंतीकडं बघत ऱ्हायलास तर डोकं फिरंल तुझं भाऊ," ती म्हणाली. "माझ्याकडच्या कोंबड्या ने. हाताखाली कायतरी जितं असलं म्हंजे मानसाला सकाळी उठावं लागतं."

अप्पा हसले, पण गेले. एसटीच्या टपावर बांबूचं डालगं बांधून त्यांनी गावठी कोंबड्या आणल्या, बरोबर तांदळाच्या कणीची गोणी. आणि खरंच ते सकाळी उठू लागले. लाकडी फळ्यांचं एक खुराडं त्यांनी ठोकलं. कोंबड्या सोडताना ते त्यांच्याशी बोलायचे. आम्हा दोघींशी बोलत नव्हते त्या दिवसांत ते जे काही बोलत, ते कोंबड्यांशी. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत राहायची. एकदा म्हणाली, "बोलू दे. कुणाशी का होईना."

त्यातली एक कोंबडी, ठिपक्यांची काबरी, माघात खुडूक बसली, अंडी उबवायला. अप्पांनी पाटीत भुसा घालून तिच्याखाली अंडी ठेवली. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात माझं हॉल तिकीट हाती आलं. घरात एकदम दोन काळज्या जन्माला आल्या आणि दोन्ही माझ्या वाट्याला आल्या, कारण अभ्यासाची सुट्टी लागली होती. "नाहीतरी वाचतच बसणार ना," अप्पा म्हणाले, "मग परसात बस. नजर ठेव."

मी शेवग्याखाली खुर्ची टाकली. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया मी त्या सावलीत पाठ केल्या. आजही त्या फळ्यावर लिहिताना मला भुशाचा आणि शिटाचा वास येतो. काबरीची भाषा मी तिथेच शिकले. वर घार दिसली की ती घशातून लांब, घोगरा आवाज काढी आणि पिल्लं होती तिथे गोठून बसत. मांजर दिसलं की आवाज वेगळा, तुटक, कर्कश, पायाखाली निखारा आल्यासारखा. तो आवाज झाला की मी पुस्तक टाकून उठायची. कधी मांजर असायचं, कधी नुसती बाभळीची सावली हललेली असायची. पण उठताना छातीत होणारी धडधड तीच असायची. दिवसातून कितीदा तरी अशी उठत असेन. मग वाचलेलं सगळं पुन्हा पहिल्या ओळीपासून.

पहिलं पिल्लू गेलं तेव्हा मी शेजारीच होते. डोळ्यांसमोर गेलं, असं म्हणता येणार नाही, कारण काही दिसलंच नाही. भिंतीवरून काहीतरी पिवळट-पांढरं खाली ओघळलं आणि परत वर गेलं. काबरी पंख पसरून भिंतीवर आदळली, खाली पडली, पुन्हा आदळली. वर बसला होता तो बोका. एवढं मोठं डोकं, एक कान फाटलेला, आणि तोंडात पिल्लू. त्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि बाभळीत उतरून गेला.

अप्पा धावत आले. मी रडत होते.  त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग भिंतीच्या डाव्या बाजूला, गांगुर्डे काकांच्या मागच्या दाराकडे. तिथे पायरीवर जर्मनची, अॅल्युमिनियमची, ताटली होती आणि दोन मांजरी अंग चाटत बसल्या होत्या.

गांगुर्डे काका निवृत्त पोस्टमन. बायको वारलेली, मुली सासरी. घरात एकटे. रोज सकाळी ते बाजारातून मासळीची डोकी, सुकट, असलं काहीबाही आणायचे आणि मागच्या पायरीवर मांजरांना घालायचे. सगळ्या मांजरींना एकच नाव, मनी. त्यातली एक म्हातारी, करड्या रंगाची, डोळ्यांत सारा, पांढरा पडदा, आलेला, तिला ते मांडीवर घेऊन हातानं भरवायचे.

"काका, तुमच्या बोक्यानं पिल्लू नेलं," अप्पा भिंतीवरून म्हणाले.

"माझा नाही हो तो. बाहेरचा आहे. माझ्या म्हाताऱ्या काय शिकार करतात!"

"तुम्ही खायला घालता म्हणून येतात सगळी."

"अहो, मी नाही घातलं तर उपाशीपोटी येतील. मग तर जास्तच."

दोघंही खरं बोलत होते. पण त्या दिवसापासून अप्पांच्या लेखी सगळी मांजरं एक झाली.

मग आमच्या घरात त्या मांजरांशिवाय दुसरा विषय राहिला नाही. अप्पांनी भिंतीवर सिमेंटमध्ये काचा बसवल्या. बोका काचांमधून पाय उचलत, जणू फुलांच्या ताटव्यातून, चालत आला. अप्पांनी गलोल केली. फटाके फोडले, त्यानं कोंबड्याच आठवडाभर अंडी द्यायच्या थांबल्या. पोत्याचा फास लावून त्यांनी एक मांजर पकडलं आणि सायकलवरून पार त्र्यंबक रस्त्याला नेऊन सोडलं. परत आले तेव्हा हातावर ओरखडे होते आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान होतं. ते मांजर पुन्हा दिसलं नाही. पण पिल्लं कमी होतच राहिली. संध्याकाळी अप्पा डालग्यासमोर उकिडवे बसून पिल्लं मोजायचे. एकदा मोजायचे, मग पुन्हा. ओठ हलायचे. आई आतून विचारायची, "आहेत ना सगळी?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत आणि तिला उत्तर मिळत असे.

आता कळतं की त्यांना मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. कंपनी का बुडाली, हे मोजता येत नव्हतं. पुढं काय, हेही नाही. ज्यानं हे सगळं केलं त्याला गलोल मारता येत नव्हती. बोका निदान दिसत तरी होता.

रसायनशास्त्राच्या पेपरच्या दिवशी आई कामाला गेल्यावर मी तोंड धुवायला परसात आले. अप्पा दगडाशी पाठमोरे बसले होते. समोर ताटलीत सुकट, आणि ते काडीनं त्यात काहीतरी कालवत होते. बाजूला कागदाची पुडी, काळपट पूड. उग्र, लसणीसारखा वास. तो वास मला माहीत होता, कणीच्या गोणीला उंदीर लागले तेव्हा त्यांनीच आणली होती ती.

"अप्पा, हे कशाला?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. "तू पेपरला जा."

"अप्पा, काकांच्या मांजरी खातील."

"तू पेपरला जा वैशू. उशीर होईल."

"नका ना ठेवू. मी बसते ना राखायला. पेपरहून आले की लगेच बसते."

आता ते वळले. डोळे लाल होते, पण आवाज अगदी मऊ. "किती दिवस बसशील गं? मला एवढंही राखता येत नाही का? एवढंसुद्धा?"

मी हॉल तिकीट उचललं. सायकल काढली आणि काकांच्या दारासमोर थांबले. कडी वाजवायला हात वर केला तेव्हा कुलूप दिसलं. ते बाजारात गेले होते. मी गेटवरून दोन-तीनदा हाका मारल्या, वेड्यासारख्या, कुलपाला. समोरच्या घरातली बाई बाहेर आली, "काय गं, पेपर नाही का आज?" मग मी निघाले.

त्या पेपरात मी काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही. हात लिहीत होता. मला दिसत होती ती म्हातारी मनी, सारा आलेल्या डोळ्यांनी ताटली शोधत येणारी. मग कोंबड्या दिसायच्या. त्यांनीच ती सुकट टिपली तर? मग अप्पा. त्यांनी स्वतःच, हा विचार अर्ध्यावर आला आणि मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. घंटा झाली तेव्हा मी पहिली उठले.

उन्हातून सायकल मारत मी बोळातून सरळ परसाकडे आले. डालगं उपडं होतं, कोंबड्या आत कोंडलेल्या. अप्पा नव्हते. आणि भिंतीपलीकडे गांगुर्डे काका उभे होते, हातात आमची ताटली, चेहरा उजळलेला.

"वैशू, बघ ना! तुझ्या अप्पांनी मनीसाठी खाऊ ठेवलाय भिंतीवर. मला वाटलं रागावलेत माझ्यावर." त्यांनी चिमूटभर सुकट उचलली. म्हातारी मांजर त्यांच्या पायांत घोटाळत होती. "हिला ताटलीतलं दिसत नाही, हातानं भरवावं लागतं."

"काका, टाका ते!" मी ओरडले. 

अप्पा घरातून आले ते तसेच भिंतीकडे धावले. पुढचं फार पटकन झालं. त्यांनी भिंतीवर दोन्ही हात टाकले, काचांवर, आणि पलीकडे उडी मारून ताटली काकांच्या हातून उडवली. सुकट पायरीवर, मातीत, सगळीकडे पसरली. मांजर बिथरून बाभळीत पळालं.

"खाल्लं का तिनं? काका, खाल्लं का?"

"काय झालं काय अप्पा? रक्त येतंय तुमच्या हाताला."

"तुम्ही तोंडाला हात लावलात का? सांगा ना!"

"नाही. पण..."

"औषध आहे त्यात," अप्पा म्हणाले.

"कसलं औषध?" काकांनी अगदी भाबडेपणानं विचारलं.  मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, खाली पडलेल्या सुकटीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू गेला. तो जाताना मी पाहिला.

मी बोळातून फिरून पलीकडे गेले, काकांना हाताला धरून त्यांच्या नळाशी नेलं आणि साबणानं त्यांचे हात धुतले. पुन्हा धुतले. त्यांनी लहान मुलासारखे हात पुढे धरून ठेवले होते. मागे अप्पा गुडघ्यांवर बसून मातीतली एकेक सुकट वेचत होते. तळव्यातलं रक्त मातीत मिसळत होतं. वेचता वेचता त्यांचे खांदे हलू लागले. कंपनी बंद झाल्यापासून ते रडले नव्हते. तेव्हा रडले, आवाज न करता, पण हात थांबवला नाही. शेवटचा तुकडा सापडेपर्यंत नाही. नंतर त्यांनी खोल खड्डा खणून ते सगळं पुरलं आणि वर फरशी ठेवली.

वाटलं होतं संपलं. पण म्हातारी मनी संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. एखादा तुकडा तिनं आधीच उचलला होता का, हे कुणालाच सांगता येईना. काका मागच्या पायरीवर बसून राहिले. आम्ही दिसलो की आत जायचे. आणि अप्पा, ज्यांनी महिनाभर मांजरं हुसकण्याशिवाय काही केलं नव्हतं, ते हाताला फडकं बांधून बाभळीत फिरू लागले. "मने... मने..." त्यांना हाक मारायची सवय नव्हती. आवाज उगाच मोठा यायचा, कामगारानं कामगाराला मारलेल्या हाकेसारखा. मी गणिताचं पुस्तक उघडं ठेवून तो आवाज ऐकत बसायची. कधी जवळून, कधी पार नाल्याच्या बाजूनं. थांबला की भीती वाटायची, की काहीतरी सापडलं.

सापडली ती अर्धवट बांधलेल्या एका बंगल्यात, वाळूच्या ढिगामागे. जिवंत. उपाशी आणि चिडलेली. अप्पांनी तिला शर्टात गुंडाळून आणलं. तिनं त्यांच्या छातीवर बोचकारलं होतं. काकांनी दार उघडलं, मांजर घेतलं आणि दार लावून घेतलं. 

बोका मात्र होता तसाच होता. त्यानंतरही त्यानं एक पिल्लू नेलं. अप्पांनी दगड उचलला नाही. ते पेटी काढून बसले, फिटरची, हिरवी, कित्येक महिने कॉटखाली असलेली. भंगारातून लोखंडी पट्ट्या आणि जाळी आणली आणि परसात एक पिंजराच उभा केला, माणूस आत उभा राहील एवढा, वरून झाकलेला, दाराला दुहेरी खिट्टी. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, असं आई हळूच म्हणाली. अप्पा म्हणाले, "पहिल्या दिवशी मला हे सुचण्यासारखं नव्हतं." उरलेली पिल्लं त्या पिंजऱ्यात वाढली. बोका बाहेरून फेऱ्या घालायचा, जाळीला नाक लावायचा. काबरीचा तो कर्कश आवाज तसाच यायचा आणि मी तशीच दचकून उठायची. जाळी आहे हे डोळ्यांना कळत होतं, छातीला कळायला पुष्कळ दिवस लागले. अजून कळलेलं नाही बहुतेक.

माझी परीक्षा संपली. पुढे अप्पांना अंबडला एका ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पगार कमी होता, पण डबा पुन्हा सुरू झाला. पण काकांशी बोलणं तुटलं ते तुटलंच. सणासुदीला आमच्याकडून ताट जायचं त्यांच्याकडे. होळीला आईनं पाठवलं तेव्हा त्यांनी दारातूनच "पोट बिघडलंय" म्हणून परत पाठवलं. एकदा मी भिंतीशी उभी असताना ते मांजरांना घालत होते. ताटली खाली ठेवण्याआधी त्यांनी ती नाकाशी नेली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सवय लागली बघ," ते ओशाळून म्हणाले. "माझ्याच हातानं केलेलं असतं. तरी वास घेतल्याशिवाय ठेववत नाही."

मी ते अप्पांना सांगितलं नाही. पण भिंत काही फार उंच नव्हती, आणि तेही रोज सकाळी परसात असायचे. त्यांनी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आईनं पुरणपोळ्या केल्या, आमरस केला. ताट वाढून झाल्यावर ती माझ्याकडे बघू लागली. कोण नेणार, हा प्रश्न होता. अप्पांनी हात धुतले, शर्ट घातला आणि ताट उचललं. "मी नेतो."

मी मागच्या दारातून बघत होते. काका पायरीवर बसले होते. अप्पा ताट धरून त्यांच्यासमोर उभे राहिले.  मग अप्पांनी उभ्या उभ्याच पोळीचा एक तुकडा मोडला, आमरसात बुडवला आणि स्वतः खाल्ला. पोरांना दाखवतात तसा, नीट चावून, गिळून. त्यांचे कान लाल झाले होते.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. वास घेतला नाही. पहिला घास तोंडात घातला आणि खालमानेनंच म्हणाले,

"तूप घालायला विसरल्या वहिनी. जा, घेऊन या. आणि तुमचंही ताट आणा इकडेच."